वेगळ्या घड्यांचा सण

अँथेस्टेरिऑन महिन्याच्या अकराव्या दिवशी मिर्तोमावशीने लिकोनला तीन ओबोलांचा घडा विकला. दोन रोख, एक उधार. अथेन्समधल्या आमच्या कुंभारगल्लीत त्याला उधार देणारी ती एकटीच होती.

लिकोन कौलं घालायचा. काही वर्षांपूर्वी त्याच्या हातून निसटलेलं कौल खालून जाणाऱ्या, गल्लीतल्याच हाग्नोनच्या धाकट्या भावाच्या डोक्यात पडलं. पोरगा जागीच गेला. चुकून झालं तरी रक्त ते रक्त. लिकोनला अथेन्स सोडावं लागलं. यंदा हाग्नोनच्या घरच्यांनी माफी दिली, डुकराच्या पिलाच्या रक्ताने शुद्धी झाली आणि तो परतला. पण त्याला जवळ बसवून घ्यायला कोणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी घड्यांचा सण होता. त्या दिवशी गल्लीतले सगळे पुरुष माझ्या अंगणात मद्य प्यायला जमतात. तिथे जागा मिळाली नाही तर कायमचं गाव सोडायचं, असं लिकोनने ठरवलं होतं. घडा घेताना त्याने मावशीला तसं सांगितलंही.

मावशी कुंभाराची विधवा, तोंडाने फटकळ. गल्लीतल्या पोराला तिसरं वर्ष लागलं की सणाला त्याच्या डोक्यावर फुलं आणि हातात बोळकं यायचं. ते बोळकं मावशीच्या दुकानातलं, आणि त्याच्यासोबत एक गोष्ट फुकट. आईचा खून केलेला एक राजपुत्र ऐन सणात अथेन्सच्या दारात येऊन उभा राहिला. आपल्या राजाला पेच पडला. पाहुण्याला हाकलायचं कसं, आणि त्याच्याबरोबर एका भांड्यातलं प्यायचं कसं? शेवटी राजाने हुकूम काढला, की आज प्रत्येकाचा चौरंग वेगळा, घडा वेगळा, आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. म्हणजे पाहुण्याला आपण एकटेच वेगळे आहोत असं वाटणार नाही.

सणाच्या सकाळी मावशी अंगणात आली, तेव्हा हाग्नोन चौरंग मांडत होता.

"लिकोन फाटकाबाहेर उभा आहे," ती म्हणाली.

"उभा राहू दे. माफी दिली, तेवढं पुरे. त्याच्याबरोबर मी पिणार नाही."

"बरोबर कोण म्हणतंय? तुझा घडा वेगळाच आहे."

"ती पोरांना सांगायची गोष्ट आहे, मावशी."

"मग तू घोडा झालास तरी दरवर्षी मुकाट्याने का पितोस? नेमका याच दिवशी घसा बसतो होय तुझा?"

सगळे हसले. हाग्नोन हसला नाही.

"मावशी, माझा भाऊ गेलाय."

ती त्याच्या चौरंगावर टेकली. आवाज खाली आला. "ठाऊक आहे, बाळा. त्याचं बोळकंही माझ्याच हातचं. अरे, त्या राजपुत्रालाही कोणी चांगला म्हटलं नाही. बसू दिलं, एवढंच. तू याच्याशी बोलू नकोस. आज बोलायचंच नसतं. असा दिवस वर्षातून एकदा येतो, तोही वाया घालवतोस?"

 हाग्नोनने चौरंगाजवळचं आपलं आसन उचललं. मला वाटलं, हा निघाला. पण त्याने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"ये म्हणावं त्याला. मी बघणार नाही."

लिकोन फाटकाशीच बसला. शिंग वाजलं, सगळ्यांनी घडे तोंडाला लावले. घोटांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

प्यायल्यावर आम्ही सणासाठी डोक्याला बांधलेली वेल काढून आपापल्या घड्याला गुंडाळतो आणि मद्याचा देव दिओनिसोस याच्या देवळात नेतो. लिकोनच्या डोक्यावर काहीच नव्हतं. तो रिकामा घडा मांडीवर घेऊन बसून राहिला. बघणार नाही म्हणणाऱ्या हाग्नोनने ते कधी बघितलं, कोण जाणे. बाहेर जाताना त्याने आपली वेल तोडली आणि निम्मी लिकोनच्या पायाशी ठेवली.

मावशी त्याच उन्हाळ्यात वारली. लिकोन गल्लीतच राहतो. सणाला त्याचा चौरंग मीच मांडतो, फाटकापासून दोन हात आत.

मावशीचं दुकान आता तिची लेक चालवते. लिकोनकडून त्या घड्याचा एक ओबोल अजून येणं आहे.