सिस्टरमावशींचे रविवारचे पाहुणे

पाहुणे गोळा करण्यात आमच्या समोरच्या सिस्टरमावशींचा हात धरणारं सबंध डिंडोलीत कुणी नाही. ज्याला गल्लीतलं एकही घर दारात उभं करत नाही, तो रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवताना हमखास सापडायचा. मावशी मूळच्या जालन्याच्या, जन्माच्या ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी संपली, पण दवाखाना काही सुटला नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा पाय धुण्याची रीत आहे. मावशींनी ती घरी आणून दर रविवारची केली आणि नखं कापणं व आयोडीन लावणं पदरचं जोडलं. चर्चमधून आल्या की दारात गरम पाण्याचं घमेलं मांडायच्या. सिग्नलवर पैसे मागणारी एक किन्नर एकदा "मासी, नेलपॉलिश कल ही लगाया है!" म्हणून पाय ओढून घेऊ लागली. "राहू दे तुझं पॉलिश, मी टाचाच घासते," म्हणत मावशींनी पाय काही सोडला नाही. जेवणाआधीची प्रार्थनाही केसपेपर वाचल्यासारखी: "प्रभू, या लेकराचा घोटा सुजलाय. याला लोणचं कमी खायची बुद्धी दे." तोवर भात गार. सोसायटीच्या गुजराती प्रमुखांनी एकदा वैतागून विचारलं, "मासी, आ बधाने घरमां केम बोलावो छो?" मावशी म्हणाल्या, "तुम्हालाही बोलावते की. तुम्हीच येत नाही."

मी हे सगळं खिडकीतून बघायचो आणि कारखान्यात रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

मग माझा धाकटा भाऊ चोरून दारू विकताना पकडला गेला. शिक्षा भोगून तो सुटला आणि पिशवी घेऊन सरळ माझ्या दारात आला, तोही नेमका रविवारी. त्या दिवशी माझ्या मुलीला बघायला नंदुरबारची मंडळी यायची होती. तुरुंगातून आलेला काका घरात दिसला की जमत आलेलं मोडणार, या धास्तीने मी दार अडवलं आणि "आज नको" म्हणालो. तो म्हणाला, "ठीक शे भाऊ. मी आठेच उभा ऱ्हास." भर उन्हात तो तिथेच थांबला. समोरून मावशींची हाक आली, "अहो दादा, इकडं या. पाणी तापलंय." तो गेला.

मंडळी आली, पोहे झाले. समोर मावशी खाली बसून माझ्या भावाचे पाय धूत होत्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ते कोण?"

"असेल कुणीतरी. त्यांच्याकडे असेच येतात," मी म्हणालो. आमची गल्ली सहा फुटांची. भावाने मान वर केली नाही, पण ऐकलं होतं.

मुलीचं लग्न ठरलं, झालं, ती सुखात आहे. भावाला जवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात काम मिळालं. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी चल म्हणून मी भावाला कितीदा विनवलं. तो "हा" म्हणतो आणि येत नाही. मुलाच्या वडिलांना दिलेल्या त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

आता मावशींना फारसं दिसत नाही. रविवारचा स्वयंपाक माझा भाऊच येऊन करतो, आणि त्याला भेटायचं तर मला तिथेच जावं लागतं. मी उंबऱ्यापाशी घुटमळलो की तो हातातलं काम टाकून पुढे येतो, खुर्ची सरकवतो आणि म्हणतो, "ये ना भाऊ, बस."