आधी कात्री, मग भाषांतर

आमच्या घरात पाळण्याआधी पत्रकं आली असावीत. वडील करमाळ्याकडचे, आईचं माहेर तेलुगू विणकरांचं, आणि दोघांचं लग्न दोन्हीकडे कुणालाच मान्य नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत वडील कामगारांच्या मागण्या मराठीत लिहीत आणि आई त्यांचं तेलुगू करी. भाषा बदलल्यावर जी बदलते ती मागणीच नव्हे, हे मी बाराखडीबरोबर शिकले.

म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पात गेज भेटला, तेव्हा मला घरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. प्रकाश आणि अणू एकमेकांत कसे गुंततात, हे गणितात वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडता येतं. त्या प्रत्येक मांडणीला गेज म्हणतात. एका गेजमध्ये प्रकाश इलेक्ट्रॉनच्या संवेगाला भिडतो, दुसऱ्यात त्याच्या स्थानाला. मांडणी आपली, उत्तर निसर्गाचं. ऊर्जा दोन्हीकडे एकच यायला हवी.

माझी येत नव्हती.

अणूच्या ऊर्जेच्या पातळ्या असंख्य. गणित आवाक्यात राहावं म्हणून खालच्या दोनच ठेवायच्या आणि बाकीच्या कापायच्या, अशी रीत आहे. प्रकाश आणि अणूची जोड सैल होती तोवर दोन्ही गेज एकच बोलत. जोड घट्ट करत नेली, की स्क्रीनवरच्या दोन रेषा फाकत. एक पुण्याच्या रस्त्याला, दुसरी थेट उलट, अक्कलकोटच्या.

"संवेगाच्या गेजचा भाग काढून टाक," प्रकल्पाचे सर म्हणाले. "दुसरा गेज बरोबर येतोय, तोच ठेव. सोमवारी परीक्षक येतायत."

"सर, निसर्गाला कुठला गेज आवडतो, हे कुणी ठरवलं?"

"तू इथं मोर्चा काढायला आलीयस की पास व्हायला?"

"दोन्ही."

सर हसले नाहीत. "मग दोन उत्तरं घेऊन उभी राहा त्यांच्यासमोर. पास करतील असं मी सांगत नाही."

मी धुसफुसत घरी आले. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी पत्रक चाललं होतं. वडील म्हणाले, "लई मोटं झालंय. दोन मागन्या काडाव्या लागतील."

"अहो, आधी तुम्ही कापा," आई म्हणाली. "तोवर मी पेन उचलणार नाही."

"व्हय की. एकदा चटका बसलाय."

तो चटका मला ठाऊक होता. मी शाळेत असताना पत्रक असंच लांबलं होतं. वडिलांनी मराठीतलं कापलं, आईनं तेलुगूतलं, ज्यानं त्यानं आपापलं. मराठीत पिण्याचं पाणी उरलं, तेलुगूत रात्रपाळीची बस. फाटकावर अर्धे कामगार पाणी मागू लागले, अर्धे बस. मालकाचा माणूस खुर्चीत रेलून म्हणाला, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग या." तेव्हापासून घरचा कायदा झाला: आधी कापायचं, मग कापलेल्याचंच भाषांतर करायचं.

जेवताना तो कायदा आठवला आणि घास हातातच राहिला. मीसुद्धा दोन्ही गेज वेगवेगळे कापत होते!

सकाळी विभागात जाऊन नव्यानं मांडलं. आधी एकट्या अणूच्या दोन पातळ्या ठेवल्या. एका गेजमधून दुसऱ्यात नेणारं रूपांतरही त्या दोन पातळ्यांपुरतंच कापून घेतलं, आणि त्याच वाटेनं पलीकडे गेले. संवेगाच्या गेजचं समीकरण बेढब झालं, प्रकाशाचा वर्ग, घन, पुढचे सगळे घात त्यात घुसले. घुसू देत. जोड हवी तेवढी घट्ट केली, तरी स्क्रीनवर एकच रेषा दिसत होती. दुसरी रेषा पुसली गेली की काय म्हणून मी तिचा रंग बदलून पाहिला. ती तिथंच होती, पहिलीखाली तंतोतंत झाकलेली.

हा उपाय आधीच कुणीतरी छापलेला होता, ते सरांनी शोधून दाखवलं. मला त्याचं दुःख झालं नाही. खरी मागणी अनेक फाटकांवर उठतेच.

सोमवारी परीक्षकांनी विचारलं, "दोन्ही गेज दाखवायची काय गरज? एक पुरला असता."

मी तोंड उघडायच्या आत सरच बोलले. "एकच दाखवला असता तर दुसरा लपवलाय असं वाटलं असतं."

संध्याकाळी वडील दारातच उभे होते. "पास का? काय कापलं न्हाईस ना त्यांच्या भ्यानं?"

"पास! आणि कापलं की. पण एकदाच, भाषांतराच्या आधी."

आईनं ताटं मांडली. "मागणी मान्य झाली. आता मोर्चा जेवायला बसवा."