चार आटे कमी

या शहराच्या पोटात जेवढे पाण्याचे पाइप आहेत, त्यातल्या निम्म्यांना माझा हात लागलाय. फुशारकी मारत नाही, कुणालाही जाऊन विचारा. आठवीत शाळा सोडली आणि बावीस वर्षं नळजोडणी करतोय. मागच्या वर्षापर्यंत माझा एक जॉइंट गळला असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. पण ही हकीकत माझी नाही. माझ्या बहिणीची आहे. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, मी पण तेच लिहितो.

आधी तिच्या कानाचं सांगतो. लहानपणी न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला की आम्हाला पत्ता नसायचा आणि ही तिसऱ्या खोलीत अभ्यास करता करता ओरडायची, "दादा, नळ!" मी जाऊन बघायचो तर एक थेंब. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग दुसरा थेंब. आई म्हणायची, हिच्यासमोर कुणाची चुगली करायची सोय नाही, भिंतीपलीकडून ऐकते.

असा कान असलेली पोरगी आमच्या काकांनी नेऊन कुठे बसवली? त्यांच्या कचेरीत. पदवीचा कागद हातात पडला आणि आठव्या दिवशी ही अर्ज तपासायच्या टेबलाशी. काका सगळ्यांना सांगत सुटले, "पोरीचं कल्याण केलं मी."

मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला तिथे गेलो होतो. चाळीस टेबलं, चाळीस माणसं, आणि प्रत्येकाचं तोंड असं की जसं आत्ताच कुणीतरी एरंडेल पाजलंय. एक जण कागद असा दोन बोटांत धरत होता जसा मेलेला उंदीर उचलतात. दुसऱ्याच्या टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठी होती, तिच्यावर त्याच्या निवृत्तीची तारीख. मी म्हटलं, वा, आता थोडेच दिवस राहिले असतील. तर अजून अकरा वर्षं बाकी! साडेचारला सगळ्यांच्या पिशव्या भरून मांडीवर, आणि पाचपर्यंत माना घड्याळाकडे. आमच्या काकांनी तिथल्याच एका खुर्चीत एकतीस वर्षं काढली. रोज संध्याकाळी घरी येऊन त्याच खुर्चीला शिव्या दिल्या, आणि रोज सकाळी तिच्यावर आपलाच रुमाल आधी पडावा म्हणून धावत गेले. अशा माणसाला मी काय म्हणणार? आमच्यात खिळा मोडला तर लोक फेकून देतात. तिथे मोडलेल्या खिळ्याला बढती मिळते.

धाकटीनं तिथे दोन वर्षं काढली. मग पाणीखात्यात गळती शोधणाऱ्याची जागा निघाली. तिचा अर्ज तिनं घरात कुणाला न विचारता भरला आणि ती निवडली गेली.

हे काम लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. जमिनीखाली पाइप फुटला की पाणी वर येतंच असं नाही. ते आतल्या आत मुरतं. मग एक माणूस छातीएवढी लोखंडी कांडी घेऊन फिरतो. कांडीच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी असते. खालचं टोक पाइपावर किंवा रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. फुटक्या पाइपाचा आवाज सूं असा येतो, न थांबता. जिथे तो सगळ्यात मोठा, तिथे खडूनं फुली. मग खणणारे खणतात. शहर जागं व्हायच्या आधी, नळ आणि गाड्या सुरू व्हायच्या आधी हे काम चालतं.

काका ऐकून चहाचा कप आपटूनच उठले. "पदवीधर पोरगी रस्त्याला कान लावून पडणार?"

"पडायचं नसतं काका, वाकायचं असतं," धाकटी म्हणाली.

"आणि लोकांनी विचारलं पुतणी काय करते, तर काय सांगू? ऐकते म्हणून सांगू?"

"सांगा की. तुमच्या कचेरीत दोन वर्षांत कुणी कुणाचं ऐकलेलं मी तरी पाहिलं नाही."

मी इतका हसलो की मला ठसका लागला. काका म्हणाले, "तूच बिघडवलंस तिला." म्हटलं, हो, मीच. मीच तिला दहा वर्षांची असताना पाइपाला कान लावायला शिकवलं. अजून काही?

आता नोकरीची अट अशी होती. सहा महिने चाचणी. त्यात तीन कोरडे खड्डे पडले की घरी. कोरडा खड्डा म्हणजे फुली मारली, माणसांनी कंबर मोडेस्तोवर खणलं, आणि खाली पाइप ठणठणीत. हा हिशेब असायचा खात्याच्या साहेबाकडे. त्याला खणणारे यंत्रसाहेब म्हणायचे. त्या गृहस्थाला म्हणे मोठाले पूल बांधायचे होते. मार्क कमी पडले, म्हणून पाइप वाट्याला आले, आणि तो राग तो पाइपांवर, खणणाऱ्यांवर, सगळ्यांवर काढायचा. त्याच्याकडे गळती शोधायची एक पेटी होती, कानाला लावायचे हेडफोन आणि पडद्यावर हिरव्या रेघा. दोन लाकडं एकमेकांवर घासली तरी त्याची रेघ उंच जायची. त्याचं म्हणणं, कांडी भंगारात घाला, माणूस कमी करा, दुसरी पेटी आणा. बावीस वर्षांत मी पुष्कळ साहेब पाहिले. पाना कुठल्या बाजूनं धरायचा हे माहीत नसलेले पाहिले. पण कामाची लाज वाटते म्हणून हातमोजे घालून चहा पिणारा हा पहिलाच.

पहिल्या चार महिन्यांत धाकटीनं एकोणीस गळत्या काढल्या. एकोणीसही खड्डे ओले. मुकादम, म्हणजे खणणाऱ्यांचा म्होरक्या, स्वतः मला म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या कानात पाणी झिरपतं की काय रे?" मी दिवसभर तेच वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरलो.

आणि पाचव्या महिन्यात, आठ दिवसांच्या आत, दोन कोरडे खड्डे.

घरी येऊन ती जेवणाच्या ताटाशी नुसती बसून राहिली. म्हणाली, "दादा, आवाज येत होता. शप्पथ. अजून येतोय." काकांना वास लागलाच. दुसऱ्या दिवशी हजर. "खुर्ची अजून रिकामी आहे हो. शब्द टाकतो." त्यांचा चेहरा असा खुलला होता की त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत तेवढा खुलला नसेल. धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तिथे परत गेले तर मी अकरा वर्षं बाकी असलेली चिठ्ठी काचेखाली ठेवीन." ती हसत नव्हती.

तिसऱ्या वेळेला मी तिच्याबरोबर गेलो. सकाळचे सहा वाजले असतील. रस्ता मोकळा, मुकादम आणि त्याचे दोघे कुदळींवर टेकून उभे. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण असतं, त्याखाली त्या गल्लीचा व्हॉल्व्ह. तो बंद केला की गल्लीचं पाणी बंद. धाकटीनं झाकण उघडलं, कांडी टेकवली, वाकली. बराच वेळ ऐकलं. मग झाकणापासून हातभर अंतरावर फुली मारली.

मी मुकादमाला म्हटलं, "बघतोस काय? खण. ओला निघणार."

पण धाकटी खडू हातात धरून तशीच उभी. मग म्हणाली, "दादा, ही गल्ली तुझी ना?"

"कोपऱ्यावरच्या तीन मजली घराचं कनेक्शन मीच दिलंय. का?"

"आधीच्या दोन पण तुझ्याच होत्या."

"असणारच. निम्मं शहर माझंच आहे."

तिनं मुकादमाकडून व्हॉल्व्हची लांब चावी मागून घेतली. "दुसऱ्या कुणाच्या गल्लीत मी आधी चावी फिरवून बघते," ती म्हणाली. "अर्धवट उघडा व्हॉल्व्ह अगदी फुटक्या पाइपासारखा आवाज करतो, पहिल्याच दिवशी शिकवतात हे. तुझ्या गल्ल्यांत मी बघत नाही."

"का बघत नाहीस?"

"तू बंद केलेला व्हॉल्व्ह तू पुरता उघडून जातोस, म्हणून."

तिनं चावी लावली आणि फिरवली. एक आटा. दोन. तीन. चार. मग व्हॉल्व्ह अडला, म्हणजे पुरता उघडला. तिनं कांडी टेकवून ऐकलं आणि कांडी माझ्या हातात दिली. "ऐक."

मी वाटीला कान लावला. काही नाही. मेल्यासारखी शांतता.

आता सांगायचं ते सांगतो. ही माझी पद्धत आहे. कनेक्शन द्यायचं तर गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, जॉइंट करायचा, आणि उघडताना चार आटे कमी ठेवायचे. नव्या जॉइंटला पाण्याचा एकदम धक्का बसू नये. दोन दिवसांनी येऊन उरलेले चार आटे उघडायचे. हे बाकीच्या भुरट्या फिटरांना सुचत नाही, मला सुचलं. फक्त दोन दिवसांनी मी कधी गेलो नाही. एकदाही नाही. पुढचं काम असायचं. वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही म्हणून बायका ओरडायच्या, ते मला ऐकू यायचं, आणि मी म्हणायचो, टाकी रिकामी असेल.

एवढ्यात यंत्रसाहेब पेटी घेऊन गाडीतून उतरले. फुली बघितली. "खणा."

"साहेब, खणायला नको," धाकटी म्हणाली. "खाली गळती नाही."

"फुली मारलीत ना? मग कोरडाच धरायचा. हा तिसरा. वहीत कारण लिहा आणि सही करा."

धाकटीनं वही घेतली, गल्ली लिहिली, तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं. खरं कारण लिहिलं तर व्हॉल्व्ह तसा कुणी ठेवला हे निघणार, आणि माझा नळजोडणीच्या परवान्याचा बिल्ला जाणार. तिला ते माहीत होतं, मलाही होतं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लिहिलं, "माझी चूक."

मी बावीस वर्षांत कुणापुढे मान खाली घातली नाही. पण ही पोरगी माझ्यासाठी त्या हातमोजेवाल्यापुढे बहिरी ठरणार? ज्याला सूं आणि चूं मधला फरक कळत नाही, तो हिच्या कानावर सही मागणार?

"खोड ते," मी म्हटलं.

"दादा, गप्प बस."

"खोड म्हणतो ना! साहेब, तो व्हॉल्व्ह चार आटे कमी मी ठेवला होता. आधीच्या दोन गल्ल्यांतला पण मीच. जाऊन चावी लावा, आत्ता लावा."

मुकादम हळूच माझी बाही ओढत होता, "अरे बाबा, झालं, पुरे."

साहेब लाल झाले. "म्हणजे खात्याच्या माणसांनी दोनदा फुकट खणलं ते तुमच्यामुळे? आणि हिला एवढं साधं कळलं नाही?"

"हिनं भावावर विश्वास ठेवला, तेवढीच चूक. तुमचा तर मी भाऊ नव्हतो ना? तुमच्या पेटीनं दोन्ही वेळेला काय दाखवलं होतं?"

खणणारे दोघे एकदम बोलले, "हिरवी रेघ वर! गळती आहे म्हणाले होते साहेब. आम्ही होतो की."

साहेबांनी पेटीचं झाकण लावलं. त्यांचं तोंड मी अजून विसरलो नाही. मन खट्टू झालं की आठवतो आणि बरं वाटतं.

धाकटीचे तिन्ही कोरडे खड्डे खोडले गेले, ती कायम झाली. माझा बिल्ला तीन महिने जमा. आणि शिक्षा म्हणून मुकादमाबरोबर माझ्या प्रत्येक गल्लीत जाऊन व्हॉल्व्ह पुरता उघडायचा. काका मुद्दाम आले. "बहिणीपायी भावाचा बिल्ला गेला, ही वेळ आली." म्हटलं, "काका, माझा जायला काहीतरी होतं. तुमच्या कचेरीतून कुणाचं कधी काय गेलंय? वेळ सोडून?" ते चहा न पिता गेले. दुधाची बचत झाली.

त्रेसष्ट गल्ल्या निघाल्या. सगळीकडे चार आटे. पाणी पुऱ्या जोरानं धावायला लागलं, वरच्या मजल्यांवर चढलं, आणि अकराव्या दिवशी सकाळी धाकटी बाजारामागच्या गल्लीत वाकलेली दिसली. मी चावी घेऊन पलीकडे होतो. तिनं आधी व्हॉल्व्हला चावी लावून बघितली, मग पुढे सरकत सरकत एका घरासमोर फुली मारली.

"दादा, तू जरा लांब जा," ती म्हणाली.

"का?"

"तुझा जॉइंट आहे."

"माझा जॉइंट गळत नाही. उभ्या शहराला विचार."

"शहराला काय विचारू, मी ऐकतेय. गळतोय. वरच्या अंगाला, डावीकडून."

मी खणणाऱ्याच्या हातातून कुदळ घेतली आणि स्वतः खणलं. गुडघाभर गेलो तोच माती ओली लागली. मग चिखल. मग माझा पितळेचा जॉइंट, आणि त्याच्या वरच्या अंगाला, डावीकडून, पाण्याची केसाएवढी धार.

मुकादम दात काढत होता. मी चिखलात उभा राहून त्याला म्हटलं, "हसतोस काय? बावीस वर्षांत माझा जॉइंट पकडणारा कुणी भेटला होता का? एवढे साहेब आले, एवढ्या पेट्या आल्या. पकडला तो आमच्याच घरातल्या माणसानं!"

धाकटी वही उघडून बसली होती. "दादा, कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"माझं नाव लिही," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात. आणि खाली तुझी सही कर."