त्याच्या वाटचा तुकडा

नगरहून निघताना शेजारणीने विचारलं, "भावाकडे चाललात?" मी म्हटलं, "छे, पालघर जिल्हा बघायला." मोडेन पण वाकणार नाही, त्यातली मी.

चार वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले. धाकटा भाऊ शमुवेल, आमचा शमू, तारापूरला कारखान्यात पाळीवर होता आणि बदली माणूस मिळेना. सगळे म्हणाले, तासभर थांबू. मी थांबू दिलं नाही. पेटी मातीत उतरली आणि तासाभराने तो पोहोचला. चारचौघांत मी बोलले, "बापापेक्षा पाळी मोठी झाली का रे?" तो आल्या पावली परत गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही, आणि तेव्हापासून मी प्रभुभोजनही घेतलेलं नाही. ख्रिस्ताने आपल्यासाठी स्वतःचा देह मोडू दिला, त्या भाकरीला मनात अढी ठेवून हात लावायचा नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. आमच्या चर्चमध्ये तबक आलं की मी मुकाट पुढे सरकवते.

यंदा भावजयीने, रूथने, निरोप धाडला, "ताई, एकदा आमच्या मंडळीत उपासनेला या." रात्री वसईला मैत्रिणीकडे राहिले आणि रविवारी सकाळी बोईसरवरून जाणारी गाडी धरली.

सफाळ्यापर्यंत भातखाचरं आणि ताडाची झाडं बघत होते. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा समोरचा कामगार सांगत होता, "माताजी, बोईसर तो गया." उतरले ती वाणगावला. फोनवर रूथ हसली. "बरंच झालं. मंडळी वाणगावच्याच बाजूला भरते. हे येतात न्यायला."

शमू मोटारसायकलवर आला. "बस," एवढंच म्हणाला. दोन्ही बाजूंना मिरचीची शेतं होती, बायका वाकून तोडणी करत होत्या. एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. मागे बसून मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. केस पांढरे झाले होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाड्यावर (छोट्या वस्तीत) कुडाच्या भिंतींच्या खोलीत उपासना होती. निम्मे लोक पाड्यातले, निम्मे बोईसरचे कामगार. सारवलेल्या जमिनीवर सगळे गोल बसले. माझ्या उजवीकडे काळूआजी, पाड्यातली सगळ्यांत वडीलधारी. डावीकडे शमू, ही रूथची करामत. पाळकांनी ख्रिस्ताच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट सांगितली. आपल्याला कोण धरून देणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी त्याने त्या माणसाच्याही हातावर भाकर ठेवली, म्हणाले. मी खाली बघत राहिले.

आमच्याकडे पावाचे चौकोनी तुकडे असतात, ज्याचा त्याने उचलायचा. इथे काळूआजीने पहाटे थापलेली तांदळाची एकच भाकर फिरत होती. आजीने माझ्यासाठी तुकडा मोडला. मी मान हलवली. तिने तो स्वतःच्या मुठीत ठेवला आणि भाकर माझ्याकडे दिली. मी सवयीने ती तशीच शमूपुढे धरली.

त्याने हात लावला नाही. नुसती ओंजळ पसरून बसला.

"बाय, हिथं सोताचा तुकडा कोनी तोडत नाय," आजी हळूच म्हणाली. "शेजारच्याला द्यायचा. तुला नको त नको. पन त्याला उपाशी ठेवतेस काय?"

चार वर्षं मला वाटत होतं, तबक सरकवलं की मी एकटीच उपाशी राहते.

मी भाकर मोडली. हाताशी पापुद्रा आला. लहानपणी पापुद्रा शमूचा आणि खालची जाड बाजू माझी, हे ठरलेलं. त्याच्या ओंजळीत ठेवला तर तो तिथेच रडायला लागला, पन्नाशीचा माणूस. मग माझाही धीर सुटला. काळूआजीने मूठ उघडली. "आता घे. मी ठेवलाय." मी घेतला.

जेवायला भात आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. वाणगावच्या मिरचीने कान तापले. डोळ्यांतल्या पाण्याला आयतं निमित्त मिळालं.

संध्याकाळी शमू स्टेशनवर सोडायला आला. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "मी थांबायला हवं होतं रे." तो म्हणाला, "ताई, बाबा शेवटी दिसत कसे होते गं?"

चार वर्षांत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"शांत. निळा सदरा घातला होता. दाढी मी केली, पण हनुवटीखाली खुंट राहिले. तू करायचास तशी जमली नाही."

तो हसला, डोळे पुसले आणि आणखी विचारू लागला. तेवढ्यात गाडी आली. त्याने माझी पिशवी उचलली. मी ती त्याच्या हातातून घेऊन परत बाकावर ठेवली. पुढची गाडी तासाभराने होती.