एक मीटरचा बांध

गेल्या रविवारी लोणी काळभोरला माहेरी गेले होते. सण नव्हता, काही नव्हतं... भूमापकाच्या परवान्याची परीक्षा महिन्यावर आलीय आणि प्रॅक्टिकलचा सराव कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये होत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप पसरली, तर सेक्रेटरींनी "आपण इथे काही खोदणार आहात का?" असं अतिशय आदराने विचारलं होतं.

मागच्या वेळी सात मार्कांनी नापास झाले. चाळिशीला टेकलेली बाई, सकाळी डबे, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे... आता घरात अभ्यासाचं कुणी विचारतही नाही. विचारतात ते फक्त अण्णा, माझे वडील.

त्यांचं कारण वेगळं. परवाना मिळाला की पहिली मोजणी आपल्या बांधाची करायची, हे मी फॉर्म भरला त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आमचं आणि तात्यांचं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाचं, रान शेजारी-शेजारी. एकोणीस वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा एका खासगी मोजणीवाल्याने मधला बांध आखून दिला. वर्षभरात तात्या म्हणायला लागले, माझं रान कमी भरतंय. आणि एक दिवस त्यांनी बांध मीटरभर आमच्याकडे सरकवला.

झालं... बोलणं बंद. माझ्या लग्नाला तात्या आले नाहीत. मागच्या वर्षी तात्या गेले, तर अण्णा मातीला गेले नाहीत. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता आणि हे ओट्यावर पाठ फिरवून बसले होते. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता.

तर रविवारी सराव म्हणून म्हटलं, आपलाच बांध मोजू. हल्ली मोजणी मशिनने होते, पण प्रॅक्टिकलला टेपही विचारतात, असं क्लासचे सर सांगतात. तात्यांच्या रानाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर, रस्त्यालगत, हद्दीचा दगड आहे. नकाशाप्रमाणे त्या दगडापासून आमचा बांध चाळीस मीटरवर हवा.

अण्णा रस्त्याने चालत दगडापाशी गेले. तात्यांच्या रानात पाय टाकला नाही, हे सांगायला नकोच. त्यांनी टेपचं टोक धरलं, मी टेप सोडत बांधापर्यंत आले. ताणली, वाचली... एक्केचाळीस.

मीटरभर जास्त. अण्णांनी तिकडून विचारलं किती, मी सांगितलं, आणि त्यांनी चक्क आभाळाकडे बघून हात जोडले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. आपला बाप बरोबर होता, हे कुठल्या लेकीला नको असतं?

पण एक्केचाळीस म्हणजे अगदी एक्केचाळीसच... वर दोन सेंटिमीटर नाहीत की खाली नाहीत. सर नेहमी म्हणतात, चूक नेमकी एक मीटरची आली तर आधी टेप धरणाऱ्याचा हात बघा. म्हणून अण्णांना पुन्हा टोक धरायला लावलं आणि चालत त्यांच्यापाशी गेले.

अण्णांचा अंगठा शून्यावर नव्हता. एक मीटरच्या आकड्यावर होता.

विचारलं, तर म्हणाले, टोकाची कडी झिजलेली असते, म्हणून एकपासून धरायचं. वाटणीच्या वेळच्या मोजणीवाल्याने शिकवलं म्हणे. तेव्हाही टोक त्यांनीच धरलं होतं... हे अगदी अभिमानाने सांगितलं.

पद्धत चुकीची नाही हो. जुन्या टेपला असंच करतात. फक्त तो एक मीटर नंतर हिशोबात धरायचा असतो.

"तेव्हा तो एक मीटर वाढवून घेतला होता ना, अण्णा?"

"कुठला एक मीटर?"

म्हणजे तेव्हा टेपच्या चाळीसवर खुंटी ठोकली, ती खरी एकोणचाळीस मीटरवर. तात्यांचं रान खरंच मीटरभर कमी भरलं होतं. त्यांनी बांध सरकवला, तो जिथे हवा होता तिथेच नेऊन ठेवला.

हे मी अण्णांना समजावलं नाही, तसं धाडसच झालं नाही. ते खाली बसले आणि टेपवर शून्यापासून एकपर्यंत बोट फिरवलं... दोनदा. शिकलेले फार नाहीत, पण हिशोबाला पक्के.

"हे तुझ्या पुस्तकात हाय?"

"आहे," मी म्हणाले. "एका मार्काला येतं."

ते उठले आणि थेट तात्यांच्या घरी गेले. मी मागे मागे. काकी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. अण्णांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वहिनी, चूक माझी होती, तात्यांचं बरोबर होतं.

काकींनी बसा म्हटलं नाही. शेंगा फोडत राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "मला कशाला सांगताय भाऊजी? ज्याला सांगायचं, तो मरंपर्यंत तुमची वाट बघत व्हता."

अण्णा पायरीवर बसले आणि रडायला लागले. सत्तरीच्या माणसाला असं हुंदके देताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि जवळ जायचं की नाही हेसुद्धा मला सुचेना.

थोड्या वेळाने काकी आत गेल्या. तीन कप चहा घेऊन बाहेर आल्या, एक अण्णांच्या पुढ्यात ठेवला, एक मला दिला आणि पुन्हा शेंगा घेऊन बसल्या.

तेव्हापासून रोज पुस्तक उघडतेय, आणि रोज तेच मनात येतंय... काकींच्या जागी मी असते, तर तो चहा दिला नसता.