भुकटीबाई आणि पांढऱ्या दगडातले लोखंड

भुकटीबाईंची आणि माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. हा वर्ग आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भरत असे व मी तेथे अक्षरे शिकत होतो. नेहमीच्या शिक्षिका आजारी पडल्या, तेव्हा माझ्या समोरच्या घरात राहणारी ही बाई रविवारी शिकवावयास येऊ लागली. फळा पुसून झाला की ती खडूची पूड बोटांत चोळून पाहत असे आणि "अजून बारीक हवी," असे स्वतःशीच म्हणत असे. वर्गातील एका खोडकर आजींनी त्यावरून तिचे नाव भुकटीबाई ठेवले. ते तिच्या कानावर गेले. पुढच्या रविवारी तिने शुद्धलेखनात तोच शब्द आम्हांला घातला.

तिचा व्यवसाय खरोखरच भुकटीचा होता. चंद्रावर जे यान उतरावयाचे होते, त्याच्या पोटात एक लहान गाडी होती व गाडीला एक यंत्र बसवलेले होते. हे यंत्र जमिनीवर किरण सोडते. जमिनीतून उलट किरण येतात. लोखंडाचे निराळे, कॅल्शियमचे निराळे. परंतु किती किरण म्हणजे किती लोखंड, हे त्या यंत्राला आधी येथे शिकवावे लागते. त्यासाठी, ज्यात काय किती आहे हे पक्के ठाऊक आहे अशा दगडांची भुकटी त्याच्यासमोर ठेवतात. ते दगड दळण्याचे काम तिच्याकडे होते.

"आजोबा, तुम्हांला 'क' दाखवून 'क' म्हटलं ना, तसंच," तिने मला समजावले. "मी 'ग' दाखवून 'क' म्हटलं असतं, तर तुम्ही जन्मभर 'ग'लाच 'क' म्हणाला असता."

यान सुखरूप उतरले, तेव्हा तिच्या आईने भाजीवाल्यापासून शिंप्यापर्यंत सर्वांना सांगितले, "माझी लेक चंद्रावर पोहोचली."

"आई, मी नाही गेले. माझी भुकटीसुद्धा नाही गेली. ती इथंच कपाटात आहे."

"तू गप्प बस. तुझ्यावाचून गेलं असतं का ते?"

त्या दिवसापासून चंद्र दिसला की आई गॅलरीतून हाक मारीत, "अगं ए, तुझं सासर उगवलं, बघायला ये!" लेकीचे लग्न झालेले नव्हते आणि त्याची खंत आईंना होती, तरी ही थट्टा दोघींना आवडत असे. हळूहळू मीही तशीच हाक मारू लागलो.

चंद्रावरून आकडे आले. तेथील मातीत लोखंड अपेक्षेपेक्षा कमी दिसले. तिचे साहेब हरखून गेले. हा नवा शोध मोठ्या सभेत जाहीर करावयाचे ठरले.

त्याच आठवड्यात मी त्या मायलेकींकडे जेवावयास होतो. आईंनी जाडे मीठ कुटून पानात वाढले.

"आई, मीठ करडं का दिसतंय?"

"खलबत्ता नवा आहे. लोखंड उतरलं असेल जरा. पोटात गेलं तर रक्तच वाढेल तुझं."

तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

मग तिने जे सांगितले ते असे. दगड दळण्यासाठी अकीक नावाच्या खड्याचे भांडे वापरतात, कारण अकीक फार कठीण असतो आणि दळल्या जाणाऱ्या दगडात उतरत नाही. दळावयाच्या दगडांत चंद्रावरच्यासारखा एक पांढरा दगड होता; त्याच्या वेळी ते भांडे तडकले होते. नवे येत नव्हते व यंत्राच्या चाचणीची तारीख जवळ आली होती. तिने दगड आधी पोलादी भांड्यात फिरवून घेतला आणि अखेरचा हात तेवढा अकीकाच्या लहान खलात दिला. एवढ्याने काय बिघडते, असे तिला वाटले. तिने ते कोणाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कागदात गुंडाळलेले लोहचुंबक उरलेल्या भुकटीवरून फिरवले. पांढऱ्या दगडात लोखंड जवळजवळ नसते. तरीही कागदाला काळी लव चिकटून आली. म्हणजे, जास्त लोखंड दाखवून तिने यंत्राला कमी लोखंड म्हणावयास शिकवले होते. चंद्रावर लोखंड कमी नव्हतेच.

"कुणाला कळणार आहे?" आई म्हणाल्या. "चंद्रावर कोण जाऊन बघतंय?"

"पुढचं यान बघेल."

"तोवर तू रिटायर होशील."

"आई, चेष्टा नको गं."

"चेष्टा नाही करत. नोकरी गेली तर?"

"मला हवी आहे ती नोकरी. दुसरं काही येतं का मला?" तिने माझ्याकडे पाहिले. "आजोबा, तुम्ही सांगा."

मी उत्तर दिले की, मी नुकताच वाचावयास शिकलो आहे. छापलेले मी खरे धरतो. ते पडताळून पाहण्याचे दुसरे साधन माझ्यापाशी नाही.

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सर्व सांगितले. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी स्वतः चुंबक फिरवून पाहिले व विचारले, "आधी का नाही सांगितलंस?"

"आधी कळलंच नव्हतं, सर."

"भांडं बदललंस, ते तर कळलं होतं ना?"

हा प्रश्न तिने घरी येऊन आम्हांला दोनदा सांगितला.

सभा रद्द झाली. येथे ठेवलेल्या तशाच दुसऱ्या यंत्रासमोर नवी भुकटी ठेवून आकडे पुन्हा बसवले गेले. लोखंड अपेक्षेइतकेच निघाले आणि नवा शोध विरून गेला. तिची नोकरी राहिली. मात्र दळणाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे गेली व तिला भांडारात खोकी मोजावयास बसवण्यात आले. ती चहाला गेली की टेबलावरचे बोलणे थांबते, असे ती सांगे. आईंनी भाजीवाला बदलला.

एके संध्याकाळी समोरच्या गच्चीवर भलामोठा चंद्र वर आला. आईंनी सवयीने हाक मारावयास श्वास भरून घेतला. मीही माझ्या कठड्याशी उभा होतो. ती तेव्हाच कामावरून आली होती; पायांतल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

"आई, आजोबा," ती दारातूनच म्हणाली, "थोडे दिवस चंद्र उगवला की मला हाक मारू नका."