उन्हात नेलेला नीलम

अक्षय्य तृतीयेला सकाळी सराफाच्या दुकानात मी, सौ. आणि खडे बसवणारे चाचा होतो. खिशात चाळीस हजार होते. सौ.च्या लग्नातल्या अंगठीसाठी नीलम घ्यायचा होता.

चाचांना दहा वर्षे पाहतो, नाव मात्र कधी विचारलेले नाही. चष्मा कपाळावर असतो आणि खडा पाहताना ते श्वास रोखतात.

दुकानाचे मालक शेठ गल्ल्यावर होते. त्यांनी अडतीस हजारांचा गडद खडा काढला. दिव्याखाली तो असा झगमगला की सौ.नी लगेच मान डोलावली. चाचांनी तो उचलला आणि थेट पायरीवर उन्हात नेला.

"आता बघा की, भाभी."

खडा शाईसारखा काळा दिसत होता. मग त्यांनी एकवीस हजारांचा फिका खडा नेला. तो मोराच्या मानेसारखा उजळला. आत केसाएवढी रेघ होती.

"असू द्या. जमिनीतनं आल्याची खूण हाय ती."

"चाचा, पगार मी देतो!" शेठ आतून ओरडले.

"व्हय शेठ. पण नजर अल्लानं दिलीय की."

शेठनाही हसू आवरले नाही.

शेठना एकवीस हजार दिले, चाचांना बसवणावळ तीनशे. सौ.नी वर शंभर ठेवले होते. ते चाचांनी परत केले, म्हणून या हिशेबात धरलेले नाहीत.